सार्वभौमत्वाची उलटी पट्टी : डंकेल वादाचे एक पुनर्वाचन

पदवीच्या वर्गाला 'सार्वभौमत्व' हे प्रकरण शिकविताना एक विधान आम्ही प्राध्यापक मंडळी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत : आंतरराष्ट्रीय संघटनांच्या वाढत्या अधिकारांमुळे राष्ट्र-राज्याच्या सार्वभौमत्वाचा संकोच होत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पंचवटीतील आमच्या वर्गात हेच विधान लिहून मी मागे वळलो, तेव्हा निफाड तालुक्यातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मग आमच्या कांद्यावरची निर्यातबंदी जिनिव्हातून आली का?" वर्ग हसला. बंदी त्याच सुमारास, ८ डिसेंबर रोजी, लागू झाली होती आणि ती दिल्लीतून आली होती, हे त्यालाही ठाऊक होते. प्रश्न खोडकर होता. पण पाठ्यपुस्तकाच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणारा होता. सार्वभौमत्व कोण हिरावून घेत आहे, याची चर्चा मराठीत गेली तीन दशके विपुल झाली. ते हिरावले जाण्यापूर्वी कोणाच्या हाती होते, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली. प्रस्तुत लेखात या उणिवेच्या अंगाने डंकेल प्रस्तावाविषयीच्या मराठी वादाची चिकित्सा करावयाची आहे.

वादाची दोन टोके

गॅटच्या उरुग्वे फेरीस सप्टेंबर १९८६ मध्ये प्रारंभ झाला. वाटाघाटी रेंगाळल्यावर गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी डिसेंबर १९९१ मध्ये एक अंतिम मसुदा सदस्य राष्ट्रांपुढे ठेवला. शेती, बौद्धिक संपदा आणि सेवा हे विषय त्यामुळे प्रथमच जागतिक व्यापार-नियमांच्या कक्षेत येणार होते. १५ एप्रिल १९९४ रोजी माराकेश येथे करारावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. हा तपशील वाचकांच्या परिचयाचा आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, या मसुद्याच्या विरोधात महाराष्ट्रात डावे पक्ष, समाजवादी आणि नोव्हेंबर १९९१ मध्ये नागपुरात स्थापन झालेला स्वदेशी जागरण मंच हे सारे, एरवी एकमेकांशी न बोलणारे, एकाच भाषेत बोलू लागले. ती भाषा 'नव्या गुलामगिरी'ची होती. ईस्ट इंडिया कंपनी व्यापारासाठी आली आणि राज्यकर्ती झाली. आता बहुराष्ट्रीय कंपन्या गॅटच्या पडद्याआडून येत आहेत, असे रूपक त्या काळातील सभांतून, पुस्तिकांतून आणि पुढे 'खाउजा'विरोधी लेखनातून इतके वापरले गेले की, ते रूपक आहे याचाच विसर पडला.

प्रत्येक रूपकात एक गृहीतक दडलेले असते. येथील गृहीतक असे की, कंपनी येण्यापूर्वी शेतकरी आपल्या शेताचा, बियाण्याचा व मालाचा धनी होता. निफाड, दिंडोरी, चांदवडच्या शेतकऱ्याचा अनुभव या गृहीतकाशी जुळत नव्हता. १९८० च्या नोव्हेंबरात कांदा-उसाच्या भावासाठी याच जिल्ह्यात खेरवाडीला रेल्वे रोखली गेली आणि आंदोलकांवर गोळीबार झाला, तेव्हा शेतकऱ्यासमोर उभे राहिलेले पोलीस स्वदेशीच होते.

दुसऱ्या टोकाला शरद जोशी होते. त्यांच्या भूमिकेचे मूल्यमापन करताना एका चरित्रात्मक तपशिलाकडे समीक्षकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे मला वाटते. जोशी हे स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघाच्या सेवेत होते. आंतरराष्ट्रीय संघटना आतून कशी चालते, तेथील विकासविषयक भाषणे आणि गरीब देशांतील वास्तव यांत किती अंतर असते, हे त्यांनी पाहिले होते आणि ती नोकरी सोडूनच ते सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करावयास आले. अशा माणसाने डंकेल प्रस्तावाचे समर्थन केले, ते आंतरराष्ट्रीय संस्थांविषयीच्या भाबडेपणातून केले असे म्हणता येत नाही. त्याच १९९३ साली कर्नाटकातील प्रा. नंजुंडस्वामी दिल्लीत प्रस्तावाविरुद्ध शेतकरी आणीत असताना जोशी समर्थनार्थ आणीत होते. त्यांचा मुख्य आधार भारत सरकारने स्वतःच गॅटला सादर केलेल्या आकड्यांचा होता. १९८६ ते १९८८ या पायाभूत काळात भारतीय शेतीला मिळणारा पिकनिहाय आधार एकंदरीत उणे होता, असे सरकारनेच लिहून दिले होते. म्हणजे देशांतर्गत भाव जागतिक भावाच्या खाली दाबून ठेवले गेले होते.

पंचवटीच्या मार्केट यार्डात ज्याने माल आणला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. विक्रीच्या रकमेतून हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा करून शेतकऱ्याच्या हाती पडणारा हिशेबाचा कागद म्हणजे पट्टी. वजावट विक्रीपेक्षा जास्त झाली की, माल देऊन वर पदरचे पैसे भरावे लागतात. ती उलटी पट्टी. सरकारने जिनिव्हाला कळविलेला उणे आकडा ही साऱ्या देशाच्या शेतीची उलटी पट्टीच होती.

हा युक्तिवाद त्या वेळी अनुत्तरित राहिला. विरोधकांनी त्यास उत्तर देण्याऐवजी जोशींच्या हेतूंवर शंका घेणे पसंत केले, ही मराठी वैचारिक व्यवहाराची जुनी खोड आहे.

भीतीचा आणि आशेचा हिशेब

आज तीन दशकांनंतर दोन्ही पक्षांचा हिशेब मांडता येतो. प्रथम विरोधकांची बाजू. बियाणे राखून ठेवण्याचा शेतकऱ्याचा हक्क जाणार, ही सर्वांत मोठी भीती होती. प्रत्यक्षात २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमाने संरक्षित वाणाचेही बियाणे राखणे, पेरणे, देवाणघेवाण करणे आणि बिगर-छापाचे म्हणून विकणे हा हक्क शेतकऱ्यास दिला. २००५ च्या पेटंट दुरुस्तीत ३(ड) हे कलम अधिक कडक झाले आणि त्याच्याच आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नोव्हार्टिस कंपनीचा दावा फेटाळला. म्हणून भीती खोटी होती, असा निष्कर्ष काही उदारमतवादी लेखक काढतात. तो मला मान्य नाही. ही कलमे आपोआप आलेली नाहीत. रस्त्यावर आणि संसदेत दशकभर चाललेल्या संशयाचे ते फळ आहे. संशय घेणारे नसते, तर मसुदा जसा आला तसा उतरवून घेणारे आपल्या मंत्रालयांत कमी नव्हते.

उलट, जोशींची आशा अधिक वाईट रीतीने फसली. दिल्लीचे हात बांधण्याचे बळ देशातील राजकारणात नाही, तर ते बाहेरच्या कराराकडून उसने घ्यावे, असा त्यांच्या समर्थनाचा गाभा होता. हे उसने बळ कागदावरच दुबळे होते. गॅटचे अकरावे कलम आयात-निर्यातीवरील संख्यात्मक निर्बंधांना मनाई करते. मात्र अन्नपदार्थांची तीव्र टंचाई टाळण्यासाठी तात्पुरती निर्यातबंदी घालण्याची मुभा त्याच कलमात आहे. कृषी कराराचे बारावे कलम आयातदार देशांना आगाऊ सूचना द्यावी, त्यांच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा, एवढेच सांगते. आणि विकसनशील देशांना त्यातूनही सूट आहे, फक्त तो देश त्या पदार्थाचा निव्वळ निर्यातदार नसावा. भारत कांद्याचा निव्वळ निर्यातदार आहे. कलम लागू होते, पण त्यात उत्पादक शेतकऱ्याचे नावही नाही. करार करणाऱ्यांनी घेणाऱ्या देशाची काळजी वाहिली. पिकविणाऱ्याची काळजी त्याचे सरकार वाहील असे गृहीत धरले.

त्या गृहीतकाचे काय झाले, ते लासलगावच्या लिलावात दिसते. २९ सप्टेंबर २०१९ रोजी निर्यातबंदी, मार्च २०२० मध्ये ती उठली. १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा बंदी. ऑक्टोबरात घाऊक व्यापाऱ्यास २५ टन आणि किरकोळ विक्रेत्यास २ टन अशी साठामर्यादा. १ जानेवारी २०२१ पासून बंदी मागे. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर टनामागे ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, डिसेंबरात संपूर्ण बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क व ५५० डॉलरची अट राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये अट गेली व शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ रोजी तेही गेले. यातील एकही आदेश कोणत्याही आंतरराष्ट्रीय संघटनेच्या दडपणाखाली निघालेला नाही. हा सार्वभौम अधिकाराचा निखळ वापर होता. चाळीत उन्हाळ कांदा साठवून भावाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला सार्वभौमत्वाचा संकोच झाला असता तर बरे, असे वाटले तर त्याला राष्ट्रद्रोही म्हणता येईल काय?

येथे जोशींच्या अनुयायांनाही एक गोष्ट सांगणे भाग आहे. दिल्लीचा निर्णय अन्यायकारक असला तरी त्याला जाब विचारण्याची एक जागा आहे. एप्रिल २०२४ मध्ये नाशिकच्या लाल-उन्हाळ कांद्यावर बंदी कायम असताना गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली. त्यानंतर काही आठवड्यांत झालेल्या लोकसभा निवडणुकीत कांदा हा जिल्ह्याच्या प्रचाराचा विषय झाला, आणि दिंडोरी मतदारसंघात केंद्रात राज्यमंत्री असलेल्या उमेदवाराचा पराभव झाला. बंदी मतदानापूर्वीच उठविली गेली, हेही त्या जाबाचेच लक्षण. जिनिव्हातील समितीला पाडण्यासाठी मतपेटी नसते. दोन्ही पक्षांनी, एकाने भीतीपोटी तर दुसऱ्याने आशेपोटी, जागतिक व्यापार संघटनेला तिच्या ताकदीपेक्षा मोठे मानले.

द्राक्षाच्या पानावर

मग सार्वभौमत्वाचा संकोच झालाच नाही काय? झाला, पण ज्या वाटेवर आपले टीकाकार पहारा देत होते त्या वाटेने नव्हे. २०१० च्या हंगामात नाशिकच्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. द्राक्षवेलीची फाजील वाढ रोखण्यासाठी येथे सर्रास वापरले जाणारे क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागाईतदारांच्या बोलीत 'सीसीसी', याचे अंश तेथील किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम या मर्यादेहून अधिक आढळले. आपल्याकडील तपासणीच्या यादीत हे रसायन तोवर नव्हते. गव्हासाठी त्याच रसायनाची युरोपीय मर्यादा कितीतरी पट सैल होती, ही त्यातील विसंगती. माल नाकारला गेला, भाव पडले आणि अनेक बागाईतदार कर्जात गेले.

हा नियम भारताने कोठेही सही करून स्वीकारलेला नव्हता. ज्या बाजारात विकावयाचे त्या बाजाराचा तो नियम होता. त्याहून पुढची पायरी खाजगी मानकांची. युरोपातील किरकोळ विक्रीसाखळ्यांनी तयार केलेले, २००७ पासून 'ग्लोबलगॅप' या नावाने ओळखले जाणारे मानक कोणत्याही संसदेने संमत केलेले नाही. तरी दिंडोरीतील शेतकरी कोणत्या दिवशी कोणते औषध किती फवारले याची नोंदवही ठेवतो, ती त्या मानकासाठी. आरोग्यविषयक उपायांना शास्त्रीय आधार असावा, असे जागतिक व्यापार संघटनेचा एक करार निदान म्हणतो आणि सरकारला तेथे हरकत घेता येते. खाजगी मानकाविरुद्ध हरकत घेण्याचे ठिकाणच नाही. अर्थात त्या नोंदवहीमुळे औषधांचा बेसुमार वापर कमी झाला, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. देशातील ग्राहकासाठी अशी नोंदवही ठेवण्यास आपण शेतकऱ्याला कधी सांगितले नव्हते.

काळाराम मंदिराच्या दारात

सार्वभौमत्व बाहेरच्यांपासून राखावयाचे की आतल्यांसाठी वापरावयाचे, हा प्रश्न कांद्या-द्राक्षांपुरता नाही. मार्केट यार्डापासून फार दूर नसलेल्या काळाराम मंदिराच्या दारात तो याहून तीव्र रूपात विचारला गेला आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तेथे प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. स्थानिक धुरा दादासाहेब गायकवाडांनी वाहिली. देश परकीय सत्तेविरुद्ध उठला होता त्याच महिन्यांत पंचवटीतील एक दार स्वकीयांनी स्वकीयांसाठी बंद ठेवले होते, आणि ते वर्षानुवर्षे बंदच राहिले.

या घटनेचा आंतरराष्ट्रीय संस्थांशी संबंध पुढे आला. वंशभेदनिर्मूलनाच्या आंतरराष्ट्रीय करारातील 'कुळ' या शब्दात जात येते, असे त्या कराराखालील समितीने १९९६ मध्ये भारताच्या अहवालावर मत देताना म्हटले. २००१ मध्ये दरबान येथील जागतिक परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न मांडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा भारत सरकारची भूमिका अशी होती की, जात म्हणजे वंश नव्हे आणि हा देशाचा अंतर्गत प्रश्न आहे. जात म्हणजे वंश नव्हे, हे आंबेडकरांच्याच लेखनाशी सुसंगत आहे. 'अंतर्गत प्रश्न' या शब्दप्रयोगाची गोष्ट वेगळी. मंदिराचे दार लावून घेणाऱ्यांचाही युक्तिवाद तोच होता : हा आमच्या घरातला प्रश्न आहे.

आंबेडकरांची स्वतःची भूमिका याबाबत मार्मिक आहे. ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना केलेल्या निवेदनात त्यांनी सांगितले की, अनुसूचित जातींच्या स्थितीविषयीचा अहवाल संयुक्त राष्ट्रसंघाला सादर करण्यासाठी त्यांनी तयार केला होता. पण घटना समितीला आणि भावी संसदेला संधी द्यावी म्हणून तो सादर केला नाही. सार्वभौम संसदेवर विश्वास, पण तो मुदतीचा. आणि अहवाल तयार ठेवलेला. डंकेल वादातील कोणत्याही बाजूला ही समतोल अविश्वासाची रीत साधली नाही.

उसने बळही गेले

अलीकडच्या घटनांनी तर वादाची जुनी मांडणी कालबाह्यच ठरविली आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला यांच्या तक्रारीवरून जागतिक व्यापार संघटनेच्या निवाडा-मंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये भारताच्या ऊसदर व साखर-निर्यात अनुदानांविरुद्ध निर्णय दिला. उसाची किंमत सरकार देत नाही, कारखाने देतात, हा भारताचा बचाव मंडळाने मानला नाही. सहकारी साखर कारखानदारीच्या महाराष्ट्रात यावर मोठी खळबळ व्हावयास हवी होती. झाली नाही, कारण भारताने अपील केले, आणि ते ऐकणारे अपील-मंडळच अस्तित्वात नव्हते. अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका रोखून धरल्यामुळे ते डिसेंबर २०१९ पासून ठप्प झाले होते. सार्वभौमत्व गिळंकृत करणारी म्हणून जिची धास्ती घेतली, त्या संस्थेचे दात सर्वांत बलाढ्य सार्वभौम राष्ट्राने काढून घेतले.

याचा आनंद मानावा काय? ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने अनेक भारतीय वस्तूंवरील आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले. त्याच महिन्यात भारत सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क तात्पुरते रद्द केले आणि ती सवलत पुढे वर्षअखेरपर्यंत वाढविली. विदर्भ-खानदेशातील नवा कापूस बाजारात येण्याचे हेच दिवस. जागतिक व्यापार संघटनेच्या कोणत्याही नियमाने हे शुल्क काढावयास सांगितले नव्हते. भारताने तेथे मान्य केलेली कमाल मर्यादा त्याहून कितीतरी वरची आहे. कापडगिरण्यांची मागणी, परराष्ट्रीय ताण आणि देशांतर्गत भाव यांत कापूस उत्पादकाचे वजन किती भरले, हे शुल्काच्या आदेशावरूनच कळते.

सही कोणाची

शेवटी मुद्दा येतो तो सही करणाऱ्या हाताचा. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यसूचीतील चौदावी नोंद शेतीची आहे आणि योगायोगाने केंद्रसूचीतील चौदावी नोंद परराष्ट्रांशी करार करण्याची. या दोन चौदाव्या नोंदींमधील झगड्याचा निकाल २५३ व्या कलमाने आधीच लावून ठेवला आहे : आंतरराष्ट्रीय कराराच्या अंमलबजावणीसाठी संसद कोणत्याही विषयावर कायदा करू शकते. करार करण्यासाठी मात्र संसदेची पूर्वसंमती लागत नाही. माराकेशला सही झाली ती मंत्रिमंडळाच्या अधिकारात; शेती हा ज्यांचा विषय त्या विधानसभांना विचारण्याची गरज कायद्याने नव्हती आणि ती कोणी दाखविली नाही. 'जनतेचे सार्वभौमत्व गेले' असे म्हणणाऱ्यांनी ते दिल्लीतील या टेबलावरून गेले, हे पाहावयास हवे होते. न्या. व्यंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील राज्यघटना पुनरावलोकन आयोगाने २००२ च्या अहवालात करार करण्याच्या अधिकाराचे नियमन संसदेने कायद्याने करावे, अशी शिफारस केली होती. मराठीतील डंकेलविरोधी लेखनात तिचा उल्लेख मला क्वचितच आढळला. डंकेलसमर्थक लेखनात तर मुळीच नाही. त्यानंतर जपान, ऑस्ट्रेलिया, संयुक्त अरब अमिराती यांच्याशी व्यापार करार झाले. निफाडच्या त्या विद्यार्थ्याचा कांदा आणि शेजाऱ्याची द्राक्षे यांना लागू होणाऱ्या या करारांपैकी एकही सही होण्यापूर्वी संसदेच्या संमतीसाठी मांडला गेला नाही. शिफारस केलेला तो कायदा अद्याप झालेला नाही.